विश्लेषण : तिजोरीची किल्ली संस्थेकडे, मग फायरवॉलची व्हेंडरकडे का?

डिजिटल प्रमाणपत्रांची मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर येणार आहे. भोर-वेल्ह्यासारख्या तालुक्यांतील लहान संस्थांना याचा फटका का बसू शकतो? त्यांनी आताच काय करायला हवे?

सोमवारची सकाळ. वेल्ह्यातील एका पतसंस्थेच्या शाखेत वीज आहे, इंटरनेट आहे, संगणकही सुरू झाले आहेत. पण भोरच्या मुख्य कार्यालयाशी जोडणी होत नाही. खिडकीपुढे बचत गटाच्या महिला आणि दुधाचे पैसे काढायला आलेले शेतकरी उभे आहेत. ‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारी या,’ हे नेहमीचे वाक्य त्यांना ऐकवले जाते. केबल तुटली असेल म्हणून तक्रार नोंदवली जाते, राउटर दोनदा बंद करून चालू केला जातो. दुपारी पुण्याहून तंत्रज्ञाचा फोन येतो : ‘फायरवॉलचे सर्टिफिकेट काल रात्री संपले.’

हा प्रसंग काल्पनिक आहे. मात्र ज्या संस्थेच्या दोन शाखा फायरवॉलने जोडलेल्या आहेत आणि प्रमाणपत्राची तारीख कुणाच्याच वहीत नाही, तिथे तो केव्हाही खरा होऊ शकतो. येत्या काही वर्षांत ही शक्यता वाढणार आहे. त्यामुळे प्रमाणपत्राचा अर्ज कोण करतो, कुठून करतो आणि त्याची किल्ली कोणाकडे राहते, हे प्रश्न आता फक्त तंत्रज्ञाचे राहिलेले नाहीत. ते संचालक मंडळाचेही आहेत.

फायरवॉलला प्रमाणपत्र कशाला लागते?

फायरवॉल हा संस्थेच्या नेटवर्कच्या दारावरचा राखणदार. आत कोण येते, बाहेर काय जाते, यावर त्याची नजर असते. पण समोरचा राखणदार खरा की तोतया, हे शाखेतील संगणकाने कसे ओळखायचे? त्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र असते.

फायरवॉलवर ते प्रामुख्याने तीन ठिकाणी लागते. पहिले, प्रशासक ज्या पानावरून फायरवॉलची व्यवस्था पाहतो ते पान. दुसरे, शाखा आणि मुख्य कार्यालय यांना जोडणारा व्हीपीएन, म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधून जाणारा बंदिस्त मार्ग. तिसरे, सांकेतिक स्वरूपात येणारी-जाणारी माहिती उघडून तपासण्याची सोय.

प्रमाणपत्र ही कल्पना या तालुक्यांना नवी नाही. राज्यात डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याची सुरुवात १ मे २०१८ रोजी झाली. तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी हेलपाटे घालणारा शेतकरी तेव्हापासून मोबाइलवर उतारा काढू लागला. त्यामागचे गणित आणि फायरवॉलच्या प्रमाणपत्रामागचे गणित एकाच जातीचे आहे. तिथे सही माणसाची असते, इथे ओळख यंत्राची असते.

आणखी मागे गेले तर हा परिसरच शिक्क्यांचा आहे. ‘शिक्कामोर्तब’ हा रोजचा मराठी शब्द. पत्राच्या आरंभी शिक्का आणि मजकूर संपेल तिथे मोर्तब. हेतू हा की नंतर कुणी त्यात ओळ घुसवू नये. वेल्हे तालुक्यातील राजगड ही स्वराज्याची पहिली राजधानी, तर भोर हे पंतसचिवांचे संस्थान. अष्टप्रधानांतील सचिवाचे काम राजपत्रे तपासणे, त्यातील अधिक-उणे दुरुस्त करणे आणि त्यावर चिन्ह करणे हे होते. डिजिटल प्रमाणपत्र हेच काम करते : पाठवणारा तोच आहे आणि मजकुरात फेरफार झालेला नाही, याची खात्री देते.

सीएसआर म्हणजे काय?

इथे सीएसआर म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी नव्हे. सीएसआर म्हणजे सर्टिफिकेट साइनिंग रिक्वेस्ट, सोप्या भाषेत प्रमाणपत्रासाठीचा अर्ज.

फायरवॉलच्या व्यवस्थापन पानावर प्रमाणपत्रांचा एक विभाग असतो. तिथे अर्ज तयार करताना यंत्राचे इंटरनेटवरील नाव, संस्थेचे नाव, गाव, राज्य आणि देशाचे दोन अक्षरी चिन्ह भरायचे असते. बटण दाबले की यंत्र दोन किल्ल्यांची जोडी तयार करते. एक खासगी, म्हणजे प्रायव्हेट की. ती यंत्रातच राहते. दुसरी सार्वजनिक, म्हणजे पब्लिक की. ती अर्जासोबत बाहेर जाते. अर्जावर खासगी किल्लीने सही केलेली असते, त्यामुळे अर्जदाराकडे ती किल्ली खरोखर आहे हे सिद्ध होते.

हा अर्ज म्हणजे काही ओळींची मजकुराची फाइल. ती ई-मेलने पाठवली, व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, कुणी उघडून वाचली तरी बिघडत नाही. प्रमाणपत्र देणारी संस्था अर्जातील नावावर अर्जदाराचा ताबा आहे का, हे तपासते आणि सही करून प्रमाणपत्र परत देते. ते त्याच यंत्रावर चढवले की जोडी जुळते.

अर्जासोबत अंगठ्याचा ठसा द्यायचा असतो, अंगठा नाही. सार्वजनिक किल्ली हा ठसा आहे. खासगी किल्ली हा अंगठा. सगळा घोळ इथेच होतो.

किल्ली कोणाकडे?

सहकारी संस्थेच्या तिजोरीचा एक जुना शिरस्ता आहे. किल्ल्या दोन, एक व्यवस्थापकाकडे आणि दुसरी रोखपालाकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. तिजोरी विकणाऱ्या दुकानदाराला ‘तुमच्याकडेच एक किल्ली राहू द्या, कधी अडलो तर या’ असे कोणतेही संचालक मंडळ सांगणार नाही.

फायरवॉलच्या बाबतीत मात्र नेमके हेच होऊ शकते. व्हेंडरचा तंत्रज्ञ किल्ल्यांची जोडी फायरवॉलवर न करता स्वतःच्या लॅपटॉपवर तयार करतो, कारण ते सोपे पडते. प्रमाणपत्र आले की ते आणि खासगी किल्ली एकाच फाइलमध्ये बांधली जाते, सोपा पासवर्ड लावला जातो आणि ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर शाखेत पाठवली जाते. पुढे तो तंत्रज्ञ नोकरी बदलतो. लॅपटॉप दुसऱ्याकडे जातो. फाइल मात्र तीन-चार मोबाइलमध्ये आणि एखाद्या ई-मेलमध्ये तशीच पडून राहते.

ही किल्ली हाती लागलेला माणूस, जोडणीच्या वाटेत शिरण्याची संधी मिळाली तर, संस्थेचा राखणदार म्हणून उभा राहू शकतो. शाखेतील संगणकावर धोक्याचा इशाराही येणार नाही, कारण ओळखपत्र खरेच आहे. खर्च वाचवण्यासाठी एकच प्रमाणपत्र आणि एकच किल्ली सगळ्या शाखांच्या यंत्रांवर चढवली असेल, तर एक किल्ली गेली की सगळी दारे उघडी पडतात.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. जानेवारी २०२५ मध्ये फोर्टिनेट कंपनीच्या १५ हजारांहून अधिक फायरवॉलच्या व्यवस्थेच्या फाइल इंटरनेटवर फुकट टाकण्यात आल्या. त्या २०२२ मधील एका त्रुटीचा फायदा घेऊन गोळा केलेल्या होत्या. त्यांत पासवर्ड होते, फायरवॉलचे नियम होते आणि प्रमाणपत्रेही होती. ज्यांनी मधल्या काळात यंत्र अद्ययावत केले पण जुनी किल्ली तशीच ठेवली, त्यांनी कुलूप दुरुस्त केले. चोरीला गेलेली किल्ली मात्र चालूच ठेवली.

म्हणून पहिला नियम साधा आहे. किल्ली यंत्रातच जन्मावी आणि यंत्रातच राहावी. बाहेर जावा तो फक्त अर्ज.

‘पेंडिंग’ दिसते तेव्हा काय होते?

अर्ज तयार झाला की अनेक फायरवॉलवर त्याच्या नावापुढे ‘पेंडिंग’ असे दिसते. याचा अर्थ खासगी किल्ली यंत्रात तयार आहे, प्रमाणपत्राची वाट पाहिली जात आहे. या काळात चुका होण्याची शक्यता सर्वाधिक असते.

कुणीतरी यादी साफ करताना ‘हे काय अर्धवट पडले आहे’ म्हणून ती नोंद पुसते. कधी यंत्र रीसेट होते. कधी वॉरंटीत बदलून नवे यंत्र येते. कधी घाईने दुसरा अर्ज केला जातो आणि प्रमाणपत्र पहिल्या अर्जाचे येते. या सगळ्यांत जुनी खासगी किल्ली एक तर नष्ट झालेली असते किंवा जुळत नाही. आलेले प्रमाणपत्र मग दुसऱ्याच्या कुलपाच्या किल्लीसारखे निरुपयोगी ठरते. नवा अर्ज, नवी तपासणी, तोवर शाखा बंद.

आणखी तीन बारीक गोष्टी वेळ खातात. पहिली, नावाची. २०१७ पासून क्रोम ब्राउझर अर्जातील ‘कॉमन नेम’ हा जुना रकाना ओळखीसाठी धरत नाही. नाव ‘सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम’ या रकान्यात असावे लागते. ते विसरले तर नवेकोरे प्रमाणपत्र लावूनही इशारा येतच राहतो. दुसरी, मधल्या साखळीची. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे मधले प्रमाणपत्रही यंत्रावर चढवावे लागते. नाहीतर काही मोबाइलवर जोडणी होते आणि काहींवर होत नाही.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि डोंगराळ भागात ती विशेष महत्त्वाची. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, बॅकअप संपतो. यंत्राची आतली बॅटरी कमजोर असेल, तर वीज आल्यावर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते. त्या घड्याळानुसार आजचे प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेले नाही’ असे ठरते. दोष प्रमाणपत्राचा नसतो, तारखेचा असतो. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत यंत्रांची वेळ अधिकृत वेळेशी जुळवण्यास आणि नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. ठरावीक स्वरूपाचे सायबर हल्ले सहा तासांत कळवण्याचे बंधनही त्यातच आहे.

एक प्रमाणपत्र संपल्याने एवढे काय बिघडते?

अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचे उदाहरण बोलके आहे. २०१७ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली. हल्लेखोर ७६ दिवस आत होते. कंपनीकडे नेटवर्कमधील सांकेतिक वाहतूक तपासणारे यंत्र होते; पण त्यावरचे प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी संपले होते. यंत्र चालू होते, दिवे लुकलुकत होते, तपासणी मात्र होत नव्हती. जुलैच्या अखेरीस प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले आणि लगेचच संशयास्पद हालचाल दिसली.

शाखा बंद पडणे हा म्हणूनच त्यातल्या त्यात बरा परिणाम. निदान ते कळते तरी. राखणदार डोळे मिटून उभा आहे आणि कुणालाच पत्ता नाही, हा परिणाम जास्त वाईट.

प्रमाणपत्र देणारी संस्था चुकली तर काय होते, हे भारतानेही पाहिले आहे. जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या काही नावांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. ती रद्द करण्यात आली. त्यानंतर क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्रावरील विश्वास मोजक्या नावांपुरता मर्यादित केला. गेलेला विश्वास परत मिळवणे किती अवघड असते, हे त्यातून दिसले.

४७ दिवसांचा नियम काय आहे?

ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्या ‘सीए/ब्राउझर फोरम’ने एप्रिल २०२५ मध्ये मुदत कमी करण्याचा ठराव मंजूर केला. २०२० पासून सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ठरावानुसार १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस.

४७ दिवस म्हणजे वर्षाला किमान आठ वेळा नूतनीकरण. पाच शाखांची पाच यंत्रे असतील, तर वर्षाला ४० अर्ज. व्हेंडरने दरवर्षी एकदा यायचे, चहा घ्यायचा, प्रमाणपत्र चढवायचे आणि बिल द्यायचे, ही पद्धत त्यात टिकणार नाही.

मुदत कमी करण्यामागे कारण आहे. चोरीला गेलेल्या किल्लीचे प्रमाणपत्र रद्द केले, तरी ते रद्द झाल्याचे प्रत्येक ब्राउझरला वेळेत कळतेच असे नाही. मुदत छोटी असेल, तर चोराच्या हाती राहणारा काळही छोटा. नियम योग्यच आहे. त्याचे ओझे मात्र सारखे वाटले जाणार नाही. मुंबईतील मोठ्या बँकेकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. तालुक्यातील संस्थेत हेच काम कर्जवसुलीही पाहणाऱ्या लिपिकाकडे येते.

यावर उपाय स्वयंचलित नूतनीकरणाचा आहे. ‘अ‍ॅक्मे’ नावाची पद्धत त्यासाठी २०१९ पासून मानक म्हणून मान्य आहे. तीत यंत्र स्वतःच अर्ज करते, नावाचा ताबा सिद्ध करते आणि प्रमाणपत्र चढवते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशा पद्धतीने प्रमाणपत्रे मोफत देते. अनेक नव्या फायरवॉलमध्ये ही सोय आहे, जुन्यांत ती असेलच असे नाही. मात्र आठवण करून देण्याचे काम दुसऱ्यावर सोडता येणार नाही. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याची सूचना देणारे ई-मेल जून २०२५ मध्ये बंद केले.

एक फरक लक्षात ठेवायला हवा. कार्यालयाच्या आतल्या, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठी सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाहीत. माहिती उघडून तपासण्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही त्या देत नाहीत. अशा ठिकाणी संस्थेला स्वतःची अंतर्गत प्रमाणपत्र यंत्रणा उभारावी लागते. तिला ४७ दिवसांचा नियम लागू नाही. शिस्त मात्र तीच लागते.

नाव बदलले की?

प्रमाणपत्रात खाडाखोड करता येत नाही. नाव बदलले की नवा अर्ज. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या नावांवर जाण्यास सांगितले होते. सहकारी बँकाही त्यात आल्या. नवे नाव म्हणजे संकेतस्थळासाठी आणि त्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक यंत्रासाठी नवे प्रमाणपत्र. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. पाट्या आणि लेटरहेड बदलताना एखाद्या कार्यालयाचे इंटरनेटवरील नावही बदलले, तर हाच नियम तिथेही लागू होतो.

‘आमच्यासारख्या लहान संस्थेला कोण हॅक करणार?’

हा युक्तिवाद नेहमीचा आहे. पण इंटरनेटवर उघडी दारे शोधणारे प्रोग्राम गाव पाहून येत नाहीत. वर उल्लेख केलेल्या १५ हजार फायरवॉलही एकेक नाव ठरवून निवडलेल्या नव्हत्या. त्रुटी जिथे सापडली, तिथे शिरकाव झाला.

त्याहून खोल नुकसान सवयीचे आहे. प्रमाणपत्र संपलेले किंवा यंत्राने स्वतःच स्वतःला दिलेले असेल, तर ब्राउझर लाल इशारा दाखवतो. कर्मचाऱ्यांना सांगितले जाते, ‘ते नेहमी येते, अ‍ॅडव्हान्स्डवर जाऊन पुढे जा.’ वर्षभर हेच केलेला माणूस खऱ्या हल्ल्याच्या दिवशीही पुढेच जाणार. इशाऱ्याची किंमत संस्थेनेच शून्य केलेली असते. तोच कर्मचारी घरी बँकेचे खोटे संकेतस्थळ उघडतो, तेव्हाही त्याचे बोट तिथेच जाते.

दुसरा आक्षेप रास्त आहे : संस्थेकडे जाणकार माणूस नाही, म्हणून व्हेंडर लागतो. व्हेंडर जरूर असावा. तिजोरी दुरुस्त करायला कारागीर येतोच. तो किल्ली घेऊन जात नाही, इतकेच.

मग करायचे काय?

पहिले, देखभालीच्या करारात एक वाक्य घालायचे : किल्ली फायरवॉलवरच तयार होईल, बाहेर फक्त अर्ज जाईल. दुसरे, प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र किल्ली आणि स्वतंत्र प्रमाणपत्र. तिसरे, एक साधी वही. कोणत्या यंत्रावर, कोणत्या नावाचे, कुणी दिलेले, कोणत्या तारखेला संपणारे प्रमाणपत्र आहे आणि अर्ज कुणी केला, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. वीज बिलाच्या तारखेसारखी ही तारीखही दोन माणसांच्या मोबाइलवर असावी, एकाच्या नव्हे.

चौथे, अर्ज ‘पेंडिंग’ असताना यंत्राला हात लावायचा नाही आणि रीसेटपूर्वी बॅकअप घ्यायचा. त्या बॅकअपमध्येही किल्ल्या असू शकतात, म्हणून तो सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद ठेवायचा. पाचवे, तंत्रज्ञ किंवा व्हेंडर बदलला की पासवर्डबरोबर किल्लीही बदलायची आणि जुने प्रमाणपत्र रद्द करायचे. सहावे, नवी फायरवॉल घेताना किमतीआधी विचारायचे : स्वयंचलित नूतनीकरणाची सोय आहे का?

ही कामे प्रत्येक लहान संस्थेने एकटीने करावीत, ही अपेक्षा मात्र अन्यायाची ठरेल. पतसंस्थांचे संघ, पंचायत समित्या आणि शिक्षण संस्था तालुका पातळीवर एकत्र येऊन एक जाणकार माणूस नेमू शकतात. वार्षिक लेखापरीक्षणात रोख शिल्लक मोजली जाते, तशी ही वहीही तपासली जावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय करण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘व्हेंडरने सांगितले नाही’ हे उत्तर तिथे पुरणारे नाही.

प्रमाणपत्र असले म्हणजे फायरवॉल अभेद्य झाली, असे नाही. कमकुवत पासवर्ड आणि जुने सॉफ्टवेअर यांवर ते इलाज नाही. पण समोरचा राखणदार खरा आहे, एवढी खात्री नसेल तर बाकीच्या उपायांना पाया राहत नाही.

वेल्ह्याच्या शाखेत खिडकीपुढे थांबलेल्या शेतकऱ्याला सीएसआर म्हणजे काय हे माहीत असण्याची गरज नाही. त्याने संस्थेवर विश्वास ठेवून पैसे ठेवले आहेत. तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीचा हिशेब संस्था त्याच्यासाठीच ठेवते. या किल्लीचाही ठेवायला हवा, आणि तो वर्षातून एकदा नव्हे, दर काही आठवड्यांनी.